अंगणातील बारा व्होल्ट : घरगुती उद्यानप्रकाशाच्या तारजोडणीचा इतिहास

प्रस्तावना

विद्युतशक्तीचा इतिहास सामान्यतः चढत्या दाबाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एडिसनच्या ११० व्होल्टपासून त्याचा आरंभ होतो, पुढे हजारो व्होल्टचे प्रत्यावर्ती वहन येते, आपल्याकडे १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईकडे गेलेली टाटांची उच्चदाब वाहिनी येते आणि अखेर हे कथन लक्षावधी व्होल्टच्या राष्ट्रीय जाळ्यापाशी पोहोचते. या कथनात अल्पदाबाचे स्थान पराभूताचे आहे. तथापि घराच्या दाराबाहेर, बागेत आणि अंगणात, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच्या नेमकी उलट घटना घडली. तेथे दाब चढला नाही, उतरला. आणि एकोणिसाव्या शतकात एडिसनने ज्या अडचणींशी झुंज दिली त्याच अडचणी घरमालकाला आपल्या कुंपणाच्या आत पुन्हा भेटल्या. प्रस्तुत लेखात या उतरत्या दाबाचा मागोवा घेतला आहे. त्याची मुख्य भूमी अमेरिका आहे, कारण बारा व्होल्टच्या उद्यानप्रकाशाची पद्धत तेथेच रुजली.

आरंभीच एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात वीज मंडळाच्या व्यवहारात ‘लघुदाब’ म्हणजे घरी येणारी २३० व्होल्टची किंवा लहान कारखान्याला मिळणारी ४०० व्होल्टची वाहिनी. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनीही २५० व्होल्टपर्यंतच्या दाबाला ‘लो’ हेच विशेषण लावले होते. अमेरिकी गृहस्थ ज्याला तेच विशेषण लावतो तो दाब मात्र बारा व्होल्टचा असतो. एकाच शब्दाने एके ठिकाणी प्राणघातक आणि दुसरीकडे जवळजवळ निरुपद्रवी वस्तूचा बोध व्हावा, ही केवळ भाषिक गंमत नव्हे; आयात वस्तूवरील इंग्रजी सूचना वाचणाऱ्याच्या दृष्टीने ती धोक्याची बाब आहे. या लेखात बारा व्होल्टच्या आसपासच्या दाबासाठी ‘अल्पदाब’ हा शब्द योजला आहे.

ओली जमीन आणि महाग तांबे

घराच्या आवारातून विजेची तार नेण्याचा प्रश्न सार्वजनिक वीजकेंद्रांहून जुना आहे. इंग्लंडच्या नॉर्थंबरलंड परगण्यातील क्रॅगसाइड या आपल्या निवासस्थानी विल्यम आर्मस्ट्राँग याने १८७८ मध्ये चापदीप आणि १८८० मध्ये जोसेफ स्वान याचे तंतुदीप लावले. त्यासाठी लागणारी वीज आवारातील जलाशयावर निर्माण होऊन एक किलोमीटरहून अधिक अंतर तुडवत घरात येत असे. धनाढ्य उद्योगपतीच्या हौसेचा तो भाग होता आणि तांब्याच्या खर्चाची त्याला फिकीर नव्हती.

एडिसनला ती होती. ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट येथील केंद्र सुरू झाले तेव्हा त्याने सर्व वाहिन्या जमिनीखालून नेल्या होत्या. लोखंडी नळ्यांत तांब्याचे अर्धगोल गज, त्यांच्याभोवती दोर आणि मधल्या पोकळीत विद्युतरोधक लगदा, अशी त्यांची रचना होती. एडिसननेच पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार केंद्र सुरू झाल्यानंतर काही दिवसांतच अ‍ॅन स्ट्रीट आणि नॅसो स्ट्रीटच्या कोपऱ्यावरून जाणारे घोडे एका ठराविक जागी पाय पडताच उसळू लागले आणि पोलीस शिपाई धावत केंद्रात आला. जमिनीखालील जोडात गळती होऊन ओल्या रस्त्यात प्रवाह उतरला होता. लोखंडी नाल ठोकलेल्या घोड्याला ११० व्होल्टही पुरेसे झाले. जमिनीतून नेलेल्या तारेचा पुढचा सारा इतिहास या कोपऱ्यावर बीजरूपाने दिसतो. ओलावा जोडातून शिरतो, आणि धोका उघड्या तारेपेक्षा झाकलेल्या सांध्यात अधिक दडलेला असतो.

एडिसनची दुसरी अडचण अर्थशास्त्रीय होती. दाब कमी ठेवला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह जास्त लागतो. प्रवाह जास्त म्हणजे तारेत वाया जाणारा दाबही जास्त. आणि तो वाचवायचा तर तांबे जाड हवे. केंद्राजवळचे दिवे प्रखर आणि दूरचे निस्तेज, असा पक्षपात टाळण्यासाठी त्याने १८८० मध्येच एक योजना एकस्वासाठी सादर केली होती. तीनुसार केंद्रातून निघणाऱ्या पोषक तारांवर एकही दिवा जोडायचा नाही. त्या तारा थेट वस्तीच्या मध्यभागी न्यायच्या आणि तेथून वितरक तारा फोडून त्यांवर दिवे लावायचे. त्यामुळे दाबातील घट मुख्यतः पोषक तारेत राहते आणि सर्व दिव्यांना जवळपास सारखा दाब मिळतो. या योजनेने तांब्याची गरज सुमारे आठव्या हिश्श्यावर आणली असे सांगितले जाते. १८८३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील सनबरी येथे वापरात आलेल्या तीनतारी पद्धतीने आणखी सुमारे साठ टक्के बचत केली. तरीही एका केंद्राची मजल मैलाच्या आसपासच राहिली.

हा पेच रोहित्राने सोडवला. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी या तिघांनी बंद गाभ्याचे कार्यक्षम रोहित्र तयार केले आणि मार्च १८८६ मध्ये विल्यम स्टॅन्ली याने मॅसॅच्युसेट्समधील ग्रेट बॅरिंग्टन गावात त्या तत्त्वावर दुकाने उजळून दाखवली. दाब हवा तेव्हा चढवता येतो म्हटल्यावर अल्पदाबाच्या दूरवहनाला अर्थ उरला नाही. मात्र दाब चढवणारे यंत्र उलट्या दिशेने तितक्याच सहजपणे तो उतरवूही शकते, या गोष्टीचे घरगुती महत्त्व लक्षात यायला बराच काळ जावा लागला.

घंटा, मोटार आणि माळ

मधल्या काळात अल्पदाब अगदी नाहीसा झाला नव्हता. दारावरची विद्युतघंटा आधी लेक्लांशे घटावर आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत लहानशा रोहित्रावर चालू लागली. मुलांच्या खेळण्यातील आगगाडीलाही तसेच रोहित्र आले. पण अल्पदाबाचे खरे संगोपन झाले ते मोटारीत. १९४० पासून अमेरिकी मोटारींना काच, परावर्तक आणि तंतू एकाच बंद कवचात असणारे सीलबंद दर्शनी दिवे लागू लागले आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक नव्या मोटारी सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर आल्या. पाऊस, चिखल, धक्के यांना न जुमानणारा, विशिष्ट दिशेने झोत टाकणारा बारा व्होल्टचा दिवा अशा रीतीने कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला. तंतूच्या दृष्टीनेही बारा व्होल्ट सोयीचे होते. तेवढ्याच वॅटचा तंतू या दाबाला आखूड आणि जाड करावा लागतो. तो अधिक टणक असतो, आणि छोट्या जागेतून प्रकाश निघत असल्याने झोत नेमका पडतो.

याच ठिकाणी एका सार्वत्रिक गैरसमजाची दखल घ्यावी लागते. डिसेंबर १८८२ मध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने आपल्या न्यूयॉर्कमधील घरी नाताळच्या झाडावर ऐंशी छोटे दिवे लावले आणि १९०३ पासून जनरल इलेक्ट्रिक कंपनी तयार माळा विकू लागली. पुढे रूढ झालेल्या माळेत १५ व्होल्टचे आठ दिवे एकामागोमाग जोडलेले असत, म्हणजे आठांची बेरीज १२० व्होल्ट. आपल्याकडे दिवाळीत गॅलरीला किंवा लग्नात मांडवाला गुंडाळली जाणारी बारीक दिव्यांची माळही याच तत्त्वावर चाले. सहा व्होल्टचे अडतीस-चाळीस दिवे मालिकेत जोडले की २३० व्होल्ट सामावतात. दिवा सहा व्होल्टचा म्हणून माळ अल्पदाबाची, हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे. माळेतील तुटलेल्या होल्डरला हात लागला तर जमिनीच्या सापेक्ष जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट त्या हातावर येऊ शकतात. अल्पदाब दिव्याच्या आकाराने ठरत नाही. तार आणि घरातील मुख्य पुरवठा यांच्यामध्ये दोन स्वतंत्र वेटोळ्यांचे रोहित्र आहे की नाही, यावर तो ठरतो. ओल्या जास्वंदीवर माळ चढवणाऱ्या कुटुंबाला हा भेद कोणी समजावून सांगितल्याचे क्वचितच आढळते.

काचघराचा आरसा

बागेत कायमस्वरूपी दिवे का हवेसे वाटले, याचे उत्तर वास्तुकलेत आहे. फिलिप जॉन्सन याने कनेक्टिकटमधील न्यू केनान येथे १९४९ मध्ये स्वतःसाठी बांधलेल्या काचघराला चारही बाजूंनी काचेच्या भिंती होत्या. दिवसा हिरवळ आणि झाडे हीच त्या घराची भिंतचित्रे. रात्री आत दिवा लावताच काचेचा आरसा होई आणि बाहेर काळोख उरे. प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली याने त्यावर उपाय काढला तो आतला प्रकाश मंद करून बाहेरची झाडे आणि जमीन उजळण्याचा. काच पुन्हा पारदर्शक झाली. केलीने १९५२ मध्ये प्रकाशाला वास्तुरचनेचे अंग मानणारी जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यामुळे हा विचार व्यावसायिकांत स्थिरावला. मोठ्या काचेची सरकती दारे युद्धोत्तर उपनगरी घरांत सर्रास येऊ लागल्यावर काचघराचा आरसा सामान्य माणसाच्याही दिवाणखान्यात आला.

परंतु झाडाखाली १२० व्होल्ट नेणे सोपे नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार थेट जमिनीत पुरायची केबल सर्वसाधारणपणे २४ इंच खोल हवी. नळीतून नेली तर खोली कमी चालते, पण नळीचा खर्च येतो. त्यासाठी परवानाधारक तंत्रज्ञ, जलरोधक पेट्या आणि स्थानिक निरीक्षकाची मंजुरी लागते. शिवाय झाड वाढते, वाफा हलतो, फावडे कोठेही पडते. जमिनीत घट्ट बसवलेली नळी बागेच्या स्वभावाशी जुळत नाही.

कॅलिफोर्नियातील विल्यम लॉकलिन याने १९५९ मध्ये सुरू केलेल्या ‘नाइटस्केपिंग’ या उद्योगाला अल्पदाब उद्यानप्रकाशाच्या व्यावसायिक आरंभाचे श्रेय सामान्यतः दिले जाते. त्यामागील कल्पना आज साधी वाटते. घराच्या भिंतीवर एक रोहित्र बसवायचे, १२० व्होल्ट तेथेच थांबवायचे आणि पुढे मोटारीच्या दाबाचा दिवा बागेत न्यायचा. ३० व्होल्टपर्यंतच्या उद्यानप्रकाशाच्या मान्यताप्राप्त केबलसाठी संहितेच्या तक्त्यात केवळ सहा इंच खोली पुरते. चोवीस इंच आणि सहा इंच यांतील अंतर हे कुदळ मारणारा मजूर आणि बागेतले खुरपे यांतील अंतर आहे. रविवारी सकाळी घरमालक स्वतः, गुडघे टेकून, ते काम करू शकला. अमेरिकेत ही पद्धत पसरली ती मुख्यतः यामुळे; प्रकाशाच्या सौंदर्याचा वाटा त्यानंतरचा मानावा लागेल.

किती प्रवाह सोसवतो

बारा व्होल्टची सुरक्षितता त्या काळी अनुभवाने मानली जात होती. तिला मोजमापाचा आधार कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झील याच्या संशोधनातून मिळाला. १९४० च्या दशकापासून त्याने स्वयंसेवकांवर प्रयोग करून हातातील तार स्वतःहून सोडता येईल असा कमाल प्रवाह मोजला. ६० हर्ट्झ प्रत्यावर्ती प्रवाहासाठी पुरुषांत त्याची सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांत सुमारे साडेदहा मिलिअँपिअर आली. ओल्या त्वचेच्या माणसाचा रोध ढोबळमानाने एक हजार ओहम धरला, तर १२० व्होल्टला १२० आणि २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतील, दोन्ही प्राणघातक. बारा व्होल्टला हा आकडा १२ मिलिअँपिअर येतो.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत हा मुद्दा येत नाही. बारा मिलिअँपिअर म्हणजे शून्य नव्हे. डॅल्झीलच्या मोजमापांनुसार स्त्रियांच्या सरासरी मर्यादेपेक्षा तो आकडा अधिकच आहे. कोरड्या हाताला बारा व्होल्ट जाणवतही नाहीत, पण पाण्यात बुडालेल्या शरीराची गोष्ट निराळी. म्हणूनच ३० व्होल्ट किंवा त्याहून कमी दाबाच्या प्रकाशव्यवस्थेसाठी अमेरिकी संहितेत १९९६ मध्ये जे स्वतंत्र कलम, ४११, समाविष्ट झाले, त्याने पोहण्याच्या तलावापासून आणि कारंज्यापासून दहा फुटांचे अंतर राखण्यास सांगितले, दुय्यम मंडलाला २५ अँपिअरची मर्यादा घातली आणि मुख्य पुरवठ्यापासून विलग करणारे रोहित्र बंधनकारक केले. लॉकलिनच्या आरंभापासून या कलमापर्यंत सदतीस वर्षांचे अंतर आहे. या मधल्या काळात प्रत्यक्ष चलन नियमाच्या पुढे धावत होते.

डॅल्झीलच्याच संशोधनातून १९६१ मध्ये गळतीचा अतिअल्प प्रवाह ओळखून मंडल तोडणारे उपकरण जन्मले. १९६८ मध्ये तलावातील दिव्यांसाठी आणि १९७० च्या दशकात घराबाहेरील सॉकेटसाठी संहितेने ते आवश्यक केले. अल्पदाबाचे रोहित्र ज्या बाहेरच्या सॉकेटमध्ये बसते, तेथेही मग हे दुसरे कवच आले.

तारेच्या टोकाचा मंद दिवा

सुरक्षिततेची किंमत तांब्याच्या रूपाने चुकवावी लागली, आणि येथे एडिसन पुन्हा भेटतो. शंभर वॅटचे दिवे ३० मीटर अंतरावर बारा व्होल्टने उजळायचे असतील तर सुमारे ८.३ अँपिअर प्रवाह अपेक्षित असतो. अमेरिकेत प्रचलित असलेल्या सुमारे सव्वातीन चौरस मिलिमीटर जाडीच्या दुहेरी तारेचा जाण्या-येण्याचा रोध या अंतरासाठी ०.३१ ओहम भरतो. दाब घटताच तंतूचा प्रवाहही थोडा कमी होतो हे जमेस धरूनही टोकाला साधारण ९.७ व्होल्टच उरतात. हीच तार आणि हेच वॅट २३० व्होल्टला असते तर घट अवघी ०.१३ व्होल्ट आली असती. तंतुदीपाचा प्रकाश दाबाच्या साधारण साडेतिसऱ्या घाताने बदलतो. त्यामुळे दाब एकोणीस टक्के घटला की प्रकाश निम्म्यावर येतो आणि त्यातही पिवळट तांबूस झाक उमटते. आपल्याकडील अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेने ही घट आणखी वाढते.

खोक्यातून मिळणारे तयार संच एकाच तारेवर दिव्यामागून दिवा जोडण्याची पद्धत शिकवत. पहिला दिवा झगझगीत, शेवटचा मरगळलेला, ही अशा बागेची ओळख बनली. व्यावसायिकांनी त्यावर उपाय शोधले. काहींनी तारेचे टोक रांगेच्या आरंभी न जोडता मध्यावर जोडले, त्यामुळे दोन्ही बाजूंची लांबी निम्मी झाली. काहींनी रोहित्राला बारा, तेरा, चौदा, पंधरा व्होल्टची निरनिराळी टोके ठेवली आणि दूरच्या रांगेला वाढीव दाब दिला. या युक्तीत जवळच्या दिव्याला चुकून पंधरा व्होल्ट मिळाले की तो काही दिवसांतच जळतो, म्हणून प्रत्येक जोडणीनंतर मापकाने दाब मोजणे भाग पडले. सर्वांत समाधानकारक ठरली ती मध्यवर्ती पेटीची पद्धत. रोहित्रापासून एक जाड तार, तिच्यावर एकही दिवा न लावता, झाडांच्या घोळक्यापर्यंत न्यायची आणि तेथील पेटीतून प्रत्येक दिव्याला सारख्या लांबीची बारीक तार द्यायची. ही एडिसनची १८८० ची पोषक-वितरक योजनाच होय. ती वापरणाऱ्या कारागिरांना एडिसनचे एकस्व ठाऊक होते असे मानण्याचे कारण नाही. रोध आणि अंतर यांचे नाते बदलत नसल्याने उत्तरही बदलले नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात पुनःशोधाची इतकी स्वच्छ उदाहरणे थोडी सापडतात, आणि तरीही विद्युतवितरणाच्या प्रमाण ग्रंथांत बागेचा उल्लेख येत नाही.

परवाना आणि आपले अंगण

भारतात ही पद्धत उशिरा आणि तुटकपणे आली. त्याचे एक कारण आर्थिक आहे. दुसरे कायद्याच्या रचनेत शोधावे लागते. १९५६ च्या नियमांतील ४५ व्या नियमाने दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणे इत्यादींची साधी बदली वगळता विद्युतमांडणीचे कोणतेही काम परवानाधारक ठेकेदाराखेरीज करण्यास मनाई केली होती. हेतू योग्यच होता. प्रत्यक्षात मात्र अंगणातल्या दिव्याचे काम ना ठेकेदाराकडे गेले, ना घरमालकाने नीट शिकून केले; ते ओळखीच्या वायरमनने आतल्या प्लगमधून दोन पदरी तार ओढून, सांध्याला चिकटपट्टी गुंडाळून केले. तुळशीवृंदावनापाशी किंवा फाटकाच्या खांबावर असा २३० व्होल्टचा दिवा वर्षानुवर्षे जळत राहतो आणि मृगाच्या पहिल्या पावसात फाटकाला झटका लागू लागल्यावर त्याची आठवण होते. अमेरिकेत संहितेने दाबाच्या एका मर्यादेखाली घरमालकाला वाट मोकळी करून दिली होती. आपल्या नियमांत ‘लो’ची मर्यादाच २५० व्होल्ट असल्याने बारा आणि दोनशे तीस एकाच कप्प्यात बसले, आणि सुरक्षित पर्यायाला वेगळी सवलत मिळू शकली नाही. १९५६ च्या नियमांची जागा पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या व त्यानंतर २०२३ च्या विनियमांनी घेतली. परवान्याचे मूलतत्त्व तेच राहिले.

दिवाच बदलला तेव्हा

तांब्याचा प्रश्न अखेर तारेने नव्हे, दिव्याने मिटवला. १९९३ मध्ये शुजी नाकामुरा याने प्रखर निळा प्रकाशोत्सर्जक डायोड जाहीर केला, त्यातून पांढरा प्रकाश शक्य झाला आणि या शोधासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याच्यासह इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांना मिळाले. शंभर वॅटच्या तंतुदीपांचे काम पंधरा-वीस वॅटमध्ये होऊ लागताच वरच्या उदाहरणातील घट अर्ध्या व्होल्टच्या आसपास आली. शिवाय बागेसाठी बनवलेल्या अनेक एलईडी दिव्यांतील नियंत्रक मंडल नऊ ते पंधरा व्होल्टमधील कोणत्याही दाबावर सारखाच प्रकाश देते, म्हणून रांगेतला शेवटचा दिवाही पहिल्याइतकाच उजळ राहतो. अनेक टोकांचे रोहित्र आणि मध्यवर्ती पेटी ही दोन्ही कौशल्ये त्यामुळे झपाट्याने मागे पडली. जुन्या हॅलोजन दिव्यांच्या इलेक्ट्रॉनिक रोहित्रांवर नवे दिवे बसवताना उलटीच अडचण आली. त्या रोहित्रांना चालण्यासाठी किमान भार लागे, आणि तो न मिळाल्याने दिवे लुकलुकू लागले.

जमिनीतला सांधा मात्र अजून आहे तसाच आहे. तारेचे आवरण टोचून जोडणारे स्वस्त खटके ओल्या मातीत दोन-तीन पावसाळ्यांत हिरवे पडतात. त्यांच्याऐवजी सिलिकॉनचे वंगण भरलेल्या टोप्या वापराव्या लागतात, आणि त्याही दर वर्षी उकरून पाहाव्या लागतात.